बालरोगतज्ज्ञांची वर्धापन परिषद: पहिल्यांदाच जबाबदारी अंगावर घेणाऱ्यांसाठी

संघटनेला २५ किंवा ५० वर्षं होत आली की परिषदेचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि काम दोन-तीन जणांच्या गळ्यात पडतं. हे दोन-तीन जण बहुधा दवाखाना, वॉर्ड आणि रात्रीचे फोन सांभाळणारेच असतात. हॉल, माइक, बॅज, स्मरणिका यांच्याशी त्यांचा कधी संबंध आलेला नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. साधारण ३०० प्रतिनिधी, दोन दिवसांची मुख्य परिषद आणि आदल्या दिवशी कार्यशाळा असं गणित धरलं आहे. तुमच्या संख्येनुसार आकडे बदलून घ्या.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. वर्धापन म्हटलं की सत्कार, जुन्या आठवणी, स्मरणिकेचं प्रकाशन, पाहुण्यांची भाषणं असं बरंच काही कार्यक्रमात नव्याने येतं, आणि दिवस तेवढाच राहतो. हा वेळ कशातून काढायचा ते तुम्ही ठरवलं नाही तर तो आपोआप निघतो: तरुण डॉक्टरांच्या पेपरमधून आणि प्रश्नोत्तरांमधून.

१. आधी वर्षं नीट मोजा

हसू येईल, पण घोळाची सुरुवात इथूनच होते. समजा संघटना १९७५ साली स्थापन झाली. ५० वर्षं पूर्ण होतात २०२५ मध्ये. पन्नासावं वर्ष मात्र २०२४ मध्येच सुरू झालेलं असतं. वार्षिक परिषदेचा क्रमांक याहून वेगळाच निघतो, कारण पहिली परिषद स्थापनेनंतर वर्षा-दोन वर्षांनी झालेली असते आणि २०२० सारख्या एखाद्या वर्षी ती झालेलीच नसते. त्यामुळे 'सुवर्णमहोत्सवी वर्ष' आणि 'पन्नासावी परिषद' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

स्थापनेची पहिली सभा आणि नोंदणी प्रमाणपत्र यांच्या तारखांतही अनेकदा काही महिन्यांचं अंतर असतं. दोन्ही कागद शोधून काढा, कोणती तारीख धरायची याचा लेखी ठराव करा आणि मगच बोधचिन्ह, लेटरहेड, बॅनर छापायला द्या.

२. तारीख, समिती आणि कागदपत्रं

तयारीला १२ महिने हवेत. १० मध्ये होतं, ६ मध्ये ओढाताण होते. तारीख ठरवताना तीन गोष्टी पाहा: पदव्युत्तर परीक्षा, इतर मोठ्या परिषदा आणि आजारांचा हंगाम. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. श्वसनाच्या किंवा डासांमुळे होणाऱ्या तापांच्या साथीत बालरोगतज्ज्ञ वॉर्ड सोडून येत नाही, आणि नोंदणी केली असली तरी अर्ध्या दिवसात परततो.

समिती मोठी असली तरी सही करणारे तीनच ठेवा: आयोजन सचिव, सायंटिफिक कमिटीचे (विषय आणि वक्ते ठरवणाऱ्या समितीचे) प्रमुख आणि खजिनदार. सायंटिफिक कमिटीच्या प्रमुखाकडे निधी गोळा करण्याचं काम देऊ नका. पैसे देणाऱ्याशी बोलणारा आणि विषय ठरवणारा माणूस एकच असला की विषय कुठल्या दिशेने सरकतात हे सांगायला नको.

हे कागद एका फाइलमध्ये आणि त्यांच्या स्कॅन प्रती सामायिक फोल्डरमध्ये ठेवा:

- कार्यकारिणीचा ठराव आणि परिषदेचं स्वतंत्र बँक खातं
- हॉलचा करार: किती वाजता ताबा मिळणार, जादा तासांचे दर काय, वीज गेल्यास जनरेटर कोणाचा, हे सगळं लिहून
- क्रेडिट पॉइंटसाठीचा (हजेरीबद्दल डॉक्टरांना मिळणाऱ्या शिक्षण-गुणांसाठीचा) अर्ज. सोबत मिनिटांसह कार्यक्रमपत्रिका, वक्त्यांचे परिचय आणि हितसंबंधांची (कोणत्या कंपन्यांशी आर्थिक संबंध आहेत याची) घोषणापत्रं
- वक्त्यांची निमंत्रणं आणि त्यांचे लेखी होकार; परदेशी वक्त्यांना व्हिसासाठी वेगळं पत्र
- आगसुरक्षा, विमा आणि स्थानिक नियमांप्रमाणे लागणारे परवाने
- छायाचित्रण आणि रेकॉर्डिंगसाठी वक्त्यांची संमती

क्रेडिट पॉइंटचा अर्ज उशिरा गेला तर कार्यक्रम उत्तम होऊनही प्रतिनिधी नाराज होऊन घरी जातात. हा अर्ज तात्पुरत्या पत्रिकेवर स्वीकारतात का, ते सुरुवातीलाच विचारून घ्या.

३. मिनिटांचा हिशोब

सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० म्हणजे ५१० मिनिटं. जेवणाची ६० आणि चहाची दोनदा २० वजा केली की ४१० उरतात. पहिल्या दिवशी उद्घाटनाला ६० मिनिटं धरा, हातात ३५०. एका व्याख्यानाला २० मिनिटं, प्रश्नांना ५ आणि वक्ता बदलायला ५, म्हणजे ३० मिनिटं जातात. एका हॉलमध्ये दिवसभरात फार तर ११ व्याख्यानं बसतात. ज्या पत्रिकेत १६ दिसतात तिथे प्रश्नोत्तरं कागदावरच राहणार हे नक्की समजा.

आता सत्कार. नाव पुकारणं, ज्येष्ठांनी जागेवरून उठून मंचावर येणं, मानपत्र, फोटो आणि परत जाणं याला माणशी तीन ते चार मिनिटं लागतात. दहा जणांचे सत्कार म्हणजे निदान अर्धा तास, तोही कुणी दोन शब्द बोलले नाहीत तर. ते बोलणारच, आणि बोलायला हवंही. म्हणून सत्कार उद्घाटनात कोंबू नका. पहिल्या दिवशी संध्याकाळी, शास्त्रीय सत्रं संपल्यावर त्यांना स्वतंत्र तासभर द्या. मंचाला पायऱ्यांऐवजी उतार करून घ्या, निदान एका बाजूला कठडा तरी लावा. सत्कारमूर्तींना पहिल्या रांगेत कडेच्या खुर्च्या द्या, नाहीतर प्रत्येकाला सहा जणांचे गुडघे ओलांडून बाहेर यावं लागतं.

उद्घाटनाच्या वेळी शेजारच्या हॉलमध्ये फ्री पेपर (डॉक्टरांनी स्वतःहून पाठवलेले शोधनिबंध) लावण्याचा मोह होतो. तो आवरा. परीक्षकच उद्घाटनाला जाऊन बसतात आणि पेपर वाचणारा रिकाम्या खुर्च्यांशी बोलतो.

४. विषय आणि वक्ते

चार महिने आधी सभासदांना तीनच प्रश्न पाठवा: गेल्या वर्षभरात कोणत्या रुग्णाने तुम्हाला अडवलं, कोणतं औषध किंवा चाचणी तुम्ही बदललीत, आणि कोणत्या विषयावर पुन्हा व्याख्यान नको. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सर्वांत उपयोगी पडतात.

नवजात शिशू आणि अतिदक्षता हे विषय अर्धी पत्रिका व्यापून टाकतात, कारण बोलायला तयार असलेले वक्ते तिथे जास्त असतात. पण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ओपीडीत ताप, खोकला, जुलाब, न वाढणारं वजन, उशिरा बोलणारं मूल, लसीकरणाचे प्रश्न आणि किशोरवयीन मुलं असतात. निम्मा वेळ यांना द्या, आणि किशोरवयाला उरलेसुरले १५ मिनिटं देऊ नका.

निमंत्रणपत्रात विषयासोबत 'यात हे येऊ नये' अशी एक ओळ टाका. तीन वक्ते लागोपाठ आजाराची व्याख्या आणि प्रमाण सांगत बसतात, ते या एका ओळीने टळतं. दुसरी स्लाइड हितसंबंधांची असावी, आणि औषधांचे डोस मिलिग्रॅम प्रति किलो असे, कमाल मर्यादेसह असावेत. मोठ्या किशोराला किलोमागे गुणाकार करून प्रौढांपेक्षा जास्त डोस दिला जाण्याची चूक ही मर्यादा न लिहिल्यामुळे होते.

५. इतिहासाचं सत्र

वर्धापन परिषदेचं वेगळेपण याच सत्रात आहे, आणि सगळ्यात कंटाळवाणं होण्याचा धोकाही इथेच. अध्यक्षांची नावं आणि त्यांचे कार्यकाळ वाचून दाखवू नका. ती यादी स्मरणिकेत छापा. मंचावर एकच प्रश्न घ्या: या संघटनेच्या आयुष्यात आपली प्रॅक्टिस कुठे बदलली?

त्यासाठी चार-पाच टप्पे निवडा आणि प्रत्येकाला सात मिनिटं द्या. काही नमुने, त्यांतले काही तुमच्या संघटनेच्या जन्माआधीचेही असतील:

व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये आपला स्कोअर प्रसिद्ध केला आणि जन्मलेल्या बाळाकडे एका ठरावीक मिनिटाला, ठरावीक पाच खुणांसाठी पाहण्याची सवय लागली. कावीळ झालेल्या बाळांवर प्रकाशाचा उपयोग होतो हे १९५८ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट (फुफ्फुसातले फुगे मिटू न देणारा पदार्थ) कमी असतं हे एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं, पण बाहेरून सर्फॅक्टंट देऊन उपयोग झाल्याचा फुजिवारा यांचा अहवाल यायला १९८० उजाडलं. मधली २१ वर्षं कशात गेली, हा एक प्रश्नसुद्धा सत्र रंगवायला पुरतो. १९७१ मध्ये दिलीप महालनबीस यांनी निर्वासितांच्या छावणीत सलाइन अपुरं पडल्यावर मीठ-साखरेचं द्रावण तोंडाने देऊन पटकीचे रुग्ण वाचवले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर कमी पडत होते, म्हणून आईच्या छातीशी बाळ ठेवण्याची पद्धत सुरू झाली. शेवटच्या दोन उदाहरणांत साधनांच्या टंचाईतूनच उपचार सापडला, हे तरुणांना सांगण्यासारखं आहे.

एक टप्पा चुकांचा असलाच पाहिजे. १९४०-५० च्या काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मोकळ्या हाताने ऑक्सिजन दिला गेला आणि अनेकांची दृष्टी गेली. मग तो सरसकट कमी केला तेव्हा मृत्यू वाढले. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकमुळे नवजात बाळं राखाडी पडून दगावतात हे १९५९ मध्ये स्पष्ट झालं. बाळाला पालथं झोपवा, असा सल्ला आपल्याच क्षेत्रातल्या लोकांनी कित्येक वर्षं दिला. उताणं झोपवण्याच्या मोहिमा १९९० च्या दशकात सुरू झाल्या आणि अचानक होणारे शिशुमृत्यू ठळकपणे घटले. ज्या संघटनेच्या सभासदांनी हे सल्ले दिले त्यांनीच ते मंचावरून सांगावेत. ज्येष्ठ लोक हे मोकळेपणाने बोलतात, फक्त विचारणारा हवा.

त्यांच्या मुलाखती परिषदेआधी, त्यांच्या घरी, ४० मिनिटांच्या आत रेकॉर्ड करा. 'तुमचा प्रवास सांगा' असं विचारलंत तर शाळेपासून सुरुवात होईल. त्याऐवजी 'तुम्ही पहिल्यांदा लावलेलं सलाइन कसं होतं, सुई कोणती होती, बाटली काचेची होती का' असं विचारा.

जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मूळ फोटोच्या मागे मालकाचं नाव मऊ पेन्सिलने लिहा. बॉलपेनाचा उठाव पुढून दिसतो. फोटो नेताना पोच द्या आणि परतीची तारीख लिहून ठेवा. एक सापळा खास आपल्या क्षेत्रातला: जुन्या वॉर्डांच्या फोटोंत ओळखू येणारी आजारी मुलं असतात. ती आज ५० वर्षांची असतील, पण त्यांची संमती कुणी घेतलेली नाही. असे फोटो स्मरणिकेत किंवा प्रदर्शनात लावू नका.

६. कार्यशाळा

नवजात पुनरुज्जीवनाची (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरण्याची) कार्यशाळा बहुतेक परिषदांत असते, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. २४ जणांसाठी चार टेबलं, प्रत्येकी सहा जण, एक प्रशिक्षक आणि एक मॅनिकिन (सरावासाठीचा बाळाचा पुतळा). एका टेबलावर २५ मिनिटं आणि बदलायला ५, म्हणजे चार फेऱ्यांना दोन तास. त्यानंतर एक तास पूर्ण प्रसंगांचा सराव. सहाच्या जागी दहा जण घेतले की चार जण फक्त बघतात, आणि बघून बॅग-मास्कने श्वास देणं येत नाही.

प्रत्येक टेबलाचं सामान:

- नवजात मॅनिकिन, जादा फुफ्फुस-पिशव्यांसह
- २०० ते ७५० मिलिलिटर क्षमतेची स्वतः फुगणारी बॅग, ० आणि १ नंबरचे मास्क
- लॅरिंगोस्कोप (घशात पाहून नळी घालायचं साधन), ० आणि १ नंबरची सरळ ब्लेड, जादा सेल आणि बल्ब
- श्वासनलिकेत घालायच्या २.५, ३.० आणि ३.५ च्या नळ्या
- सक्शन, स्टेथोस्कोप, कोरडे टॉवेल
- सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ

टेबल कमरेच्या उंचीचं हवं. जेवणाच्या बुटक्या टेबलावर वाकून छातीवर दाब दिले की मनगटाचा कोन चुकतो आणि अर्ध्या तासात सगळ्यांच्या पाठी धरतात. मॅनिकिनची छाती वर येत नसेल तर शिकणाऱ्याला दोष देण्याआधी आतली पिशवी तपासा. वर्षभर कपाटात पडून तिला भोक पडलेलं असतं. आदल्या संध्याकाळी प्रत्येक मॅनिकिनला दहा श्वास देऊन पाहा.

ऑक्सिजन सिलिंडर आणू नका. हॉलचे आगसुरक्षेचे नियम आडवे येतात आणि गरजही नसते. पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेनेच सुरुवात करायची ही शिफारस २०१० पासून आहेच. टेबलावर खरी औषधं ठेवू नका. सरावाच्या प्रत्येक सिरिंजवर 'फक्त प्रशिक्षणासाठी' अशी पट्टी लावा आणि शेवटी मोजून परत घ्या.

सगळ्या प्रशिक्षकांना अर्धा तास आधी एकत्र बसवा. एकजण तीन दाबांमागे एक श्वास शिकवतो आणि दुसरा सवयीने मोठ्या मुलांचं १५:२ सांगतो, असं घडतं. नवजाताला ३:१, मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास. ही ओळ प्रत्येक टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवा.

७. पेपर आणि पोस्टर

सारांश पाच-सहा महिने आधी मागवा. मर्यादा २५० ते ३०० शब्द, चार भाग: उद्देश, पद्धत, निष्कर्ष, अर्थ. नावं झाकून दोन परीक्षकांकडे पाठवा. दोघांच्या गुणांत मोठी तफावत असेल तरच तिसऱ्याकडे. अर्जात नैतिक समितीच्या मंजुरीचा क्रमांक सक्तीचा ठेवा. एकाच रुग्णाची केस असेल तर पालकांची लेखी संमती मागा, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची स्वतःची तयारीही विचारलेली असावी. डोळ्यांवर काळी पट्टी लावली म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. दुर्मिळ आजार, गावाचं नाव आणि वय एकत्र आलं की शेजारीसुद्धा मूल ओळखतात.

पोस्टरचं माप नुसतं 'ए-झिरो' लिहू नका. '८४१ मिलिमीटर रुंद, ११८९ मिलिमीटर उंच, उभं' असं लिहा. तरीही चार जण आडवं घेऊन येतीलच, म्हणून चार बोर्ड मोकळे ठेवा. पोस्टर लावायची आणि काढायची वेळ, आणि लेखकाने पोस्टरपाशी उभं राहायची वेळ या तिन्ही पत्रिकेत छापा. पोस्टरं चहाच्या जागेजवळ लावा. दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये कुणी जात नाही.

पेपरला सहा मिनिटं, प्रश्नांना दोन, बदलायला दोन. तासाला सहा पेपर. याहून जास्त घेऊ नका.

८. प्रायोजक

इथे बालरोगतज्ज्ञांची परिषद इतरांपेक्षा वेगळी ठरते. आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबतची आंतरराष्ट्रीय संहिता जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये स्वीकारली. २०१६ मध्ये सभेपुढे आलेल्या मार्गदर्शनात बालआहार कंपन्यांनी वैद्यकीय व्यावसायिकांच्या बैठकांना प्रायोजकत्व देऊ नये आणि संघटनांनीही ते घेऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पीडियाट्रिक्स अँड चाइल्ड हेल्थने फॉर्म्युला कंपन्यांकडून पैसे घेणं २०१९ मध्ये थांबवलं. काही देशांत हा थेट कायद्याचा भंग ठरतो. तुमच्या देशातला कायदा वकिलाकडून तपासून घ्या.

पैसा सरळ दारातून येत नाही, ही खरी अडचण. 'पोषण शिक्षण निधी', बॅगांवरचं बोधचिन्ह, वक्त्याचा प्रवासखर्च, स्मरणिकेतली जाहिरात अशा वाटांनी तो येतो. म्हणून प्रायोजकाच्या फॉर्ममध्ये मूळ कंपनीचं नाव आणि ती शिशुआहार बनवते का, हे दोन रकाने ठेवा. स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करणाऱ्यालाही हा नियम लेखी द्या. इतर प्रायोजकांना स्टॉल द्या. वक्ता किंवा विषय सुचवण्याचा अधिकार देऊ नका.

९. प्रत्यक्ष दिवस

३०० पैकी बहुतेक जण उद्घाटनाआधीच्या पाऊण तासात येतात. बॅज आधी छापून ठेवले तर माणशी एक मिनिट लागतं. म्हणजे सात टेबलं. आयत्या वेळच्या नोंदणीचं टेबल लांब ठेवा, कारण तिथे पैशांचे व्यवहार रेंगाळतात. बॅजवर नाव दोन्ही बाजूंना छापा. दोरीवर तो उलटाच होतो.

स्लाइड किमान दोन तास आधी घ्या आणि मंचावरच्याच लॅपटॉपवर व्हिडिओ चालवून पाहा. अपस्मार, श्वास, हालचाली यांचे व्हिडिओ हे आपल्या व्याख्यानांचं हृदय असतं, आणि नेमके तेच बंद पडतात. वक्त्याला दिसेल असं उलट मोजणारं घड्याळ लावा. सत्राध्यक्षांना सांगा की दोन मिनिटं उरल्यावर उभं राहायचं. चिठ्ठी पाठवून कुणी थांबत नाही.

स्तनपानासाठी आडोशाची शांत खोली आणि लहान मुलांसाठी एक कोपरा हवाच. प्रतिनिधींमध्ये तान्ह्या बाळांच्या आया असतात.

तातडीच्या वेळेसाठी दोन नावं ठरवून ठेवा. हॉलमध्ये ३०० डॉक्टर असले तरी कोसळणारी व्यक्ती ७५ वर्षांची असणार आणि भोवतालचे सगळे बालरोगतज्ज्ञ! प्रौढांचे पॅड असलेलं एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे ठेवलं आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत असू द्या.

१०. नंतरचे १५ दिवस

उपस्थितीची यादी क्रेडिट पॉइंटसाठी आठवड्याच्या आत पाठवा. प्रमाणपत्रावरचं नाव नोंदणीच्या फॉर्मवरूनच घ्या, बॅजवरून नको, कारण बॅजवर संक्षिप्त रूप असतं. उसने घेतलेले मॅनिकिन पुसून, सेल काढून परत करा. फोटो मूळ मालकांकडे पोच घेऊन पोहोचवा. हिशोब तपासून घ्या, शिल्लक किंवा तूट कार्यकारिणीसमोर ठेवा आणि मगच परिषदेचं बँक खातं बंद करा. एखादा धनादेश वटायचा राहिलेला असतो.